अपील रकमेचं, की रागाचं?

‘पोटगी’ हा शब्द पोटावरून आला आहे. दोन वेळचं जेवण, कपडालत्ता, डोक्यावरचं छप्पर, मुलांची फी आणि औषधपाणी एवढाच त्याचा आवाका. पण घटस्फोटाच्या निकालपत्राचं शेवटचं पान हातात पडतं तेव्हा त्या पानावरचा आकडा नुसता पोटाचा राहत नाही. बाईला वाटतं, माझ्या पंधरा वर्षांच्या संसाराची किंमत एवढीच केली! पुरुषाला वाटतं, चूक दोघांची आणि दंड मी एकट्याने भरायचा! मग दोन्ही घरांत मामा, काका, आत्याचे यजमान जमतात. चहा होतो, आवाज चढतात आणि दोन्ही बैठकांत एकच वाक्य ऐकू येतं, ‘‘सोडायचं नाही. वर जायचं.’’

वर जायचं म्हणजे अपिलात जायचं. बँकेतल्या तीसएक वर्षांच्या नोकरीत आणि पुढे एका कादंबरीच्या तयारीसाठी कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकांवर घालवलेल्या दिवसांत हे ‘वर जाणं’ मी पुष्कळ जवळून पाहिलं. काहींचं त्याने भलं झालं. काहींची वर्षं गेली, पैसा गेला आणि हाती काही लागलं नाही. कोणाची बाजू न्यायाची होती, एवढ्यावर हे ठरत होतं असं मला दिसलं नाही. आपली तक्रार आकड्याविरुद्ध आहे की माणसाविरुद्ध, हे ज्यांनी आधी स्वतःशी ठरवलं, त्यांना वरच्या न्यायालयाने काही ना काही दिलं.

आकड्याविरुद्ध लढलेल्या एका बाईचं नाव साऱ्या देशाला माहीत आहे. मात्र तिची लढाई एका आकड्याची होती, हे बहुतेकांच्या विस्मरणात गेलं आहे. इंदूरच्या शाहबानो बेगम यांचं लग्न १९३२ मध्ये झालं. १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढण्यात आलं. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी न्यायालयाकडे दरमहा ५०० रुपये मागितले. पती वकील होते आणि त्यांची वर्षाची कमाई ६० हजार रुपये असल्याचं अर्जात म्हटलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पतीने तलाक दिला. ऑगस्ट १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी रक्कम ठरवली ती दरमहा २५ रुपये! शाहबानोंनी उच्च न्यायालयात पुनरीक्षणाचा अर्ज केला. जुलै १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. याविरुद्ध पती सर्वोच्च न्यायालयात गेले. पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी त्यांचं अपील फेटाळलं.

पुढचं राजकारण, १९८६ चा कायदा, मोर्चे आणि अग्रलेख हा वेगळा इतिहास आहे. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीची नजर त्या वीस पैशांवर अडते. २५ रुपये हा मोघम आकडा आहे. कुणीतरी सहज सुचल्यासारखा लिहावा तसा. १७९ रुपये २० पैसे असा आकडा मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय येत नाही. वरच्या न्यायालयाकडून आपण मागायचं ते हेच. आमची कैफियत पुन्हा ऐका, असं नाही. हिशेब पुन्हा करा, असं.

पण वर म्हणजे नेमकं कुठे? इथेच पहिली गल्लत होते. कुठल्या कायद्याखाली हुकूम झाला, त्यावर दार ठरतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायम पोटगीचा अंतिम निकाल कुटुंब न्यायालयाने दिला असेल, तर अपील उच्च न्यायालयात, दोन न्यायमूर्तींपुढे. महाराष्ट्रात पुण्याला आणि मुंबईला १९८९ मध्ये कुटुंब न्यायालयं सुरू झाली आणि पुढे इतर शहरांत आली. ज्या गावी असं न्यायालय नाही आणि दिवाणी न्यायालयाने निकाल दिला, तिथलं अपील जिल्हा न्यायालयात जातं. उच्च न्यायालयासाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला मुंबईची गाडी धरावी लागायची; ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्याने ती यातायात बरीच कमी झाली आहे.

खटला चालू असतानाच्या अंतरिम पोटगीची गोष्ट वेगळी. कलम २४ खालच्या अशा हुकमावर अपील नसतं. उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. त्याखालच्या अंतिम हुकमावर अपील नव्हे, पुनरीक्षण अर्ज. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांनी रक्कम ठरवली असेल, तर अपील सत्र न्यायालयात आणि तेही ३० दिवसांत. बँकेत चुकीच्या खिडकीपुढे तासभर रांग लावली तर निदान त्याच दिवशी कळतं. न्यायालयात ते कळायला कधी कधी वर्ष जातं.

मुदतीचाही असाच घोळ होतो. कुटुंब न्यायालयाच्या कायद्यात अपिलाला ३० दिवस दिले आहेत. हिंदू विवाह कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने ९० दिवस झाले. दोहोंपैकी कुठली मुदत धरायची, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापर्यंत गेला आणि २०१६ मध्ये हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांना ९० दिवसांची मुदत लागू असल्याचं ठरलं. तरीही शहाण्याने मनात ३० दिवसच धरावेत. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण त्यासाठी नकलेचा अर्ज वेळेवर केलेला असावा लागतो.

आणखी एक समजूत दोन्ही घरांत घट्ट रुजलेली असते, की अपील दाखल झालं म्हणजे पैसे द्यायचं थांबलं. तसं मुळीच नाही. स्थगिती स्वतंत्र अर्ज करून मागावी लागते आणि ती देताना न्यायालय बहुधा थकबाकीचा काही भाग आधी जमा करायला सांगतं. स्थगिती नसेल तर थकबाकी वाढत राहते. कलम १४४ खालच्या हुकमात थकलेल्या एकेका महिन्यासाठी एक महिन्यापर्यंतचा तुरुंगवास होऊ शकतो. बायकांच्याही लक्षात राहायला हवं की या कलमाखालच्या थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ‘अपिलाचा निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्या बाईचे महिने हातातून निसटतात.

आता मुख्य मुद्दा. वरचं न्यायालय पाहतं काय? ते पाहतं खालच्या न्यायालयातले कागद. नवा पुरावा अपिलात आणायला फार अरुंद वाट ठेवलेली आहे. त्यामुळे अपिलाचं नशीब खरं तर खालच्या न्यायालयात, मिळकतीचं प्रतिज्ञापत्र भरतानाच लिहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या एका निकालात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्जं आणि खर्च ठराविक नमुन्यात प्रतिज्ञेवर सांगायचे, असा देशभरासाठी दंडक घातला. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्यात आलं. त्या नमुन्याचे रकाने वाचताना मला आमच्या कर्जाच्या अर्जाची आठवण झाली. माणसाची मिळकत काढण्याची विद्या बँकेला आणि न्यायालयाला सारखीच लागते.

पगारपत्रकाचंच बघा. त्यावर मिळकतीचा एक रकाना असतो आणि कपातीचा एक. प्राप्तिकरासारखी सक्तीची कपात न्यायालय मान्य करतं. पण नोटीस लागल्यावर दोन महिन्यांत पतपेढीचं कर्ज निघतं, ऐच्छिक भविष्यनिधीची वर्गणी एकदम तिप्पट होते, भावाच्या नावावरच्या गाडीचा हप्ता सुरू होतो आणि हाती येणारा पगार निम्मा होतो, तेव्हा न्यायालय हा निम्मा पगार खरा मानायला तयार नसतं. स्वतःहून ओढवून घेतलेल्या कपाती मिळकतीतून सहसा वजा होत नाहीत. पगारपत्रक नसलेल्या दुकानदाराचं, कंत्राटदाराचं काय? तिथे बँकेचे कागद बोलतात.

आमच्या एका शाखेत खातं असलेल्या बाई मला आठवतात. नवऱ्याचं दुकान चांगलं चाललेलं, पण विवरणपत्रातली मिळकत अगदी तुटपुंजी. फ्लॅटच्या कर्जात बाई सहकर्जदार होत्या, म्हणून त्या अर्जाची नक्कल मिळण्याचा त्यांना हक्क होता. त्या अर्जात नवऱ्याने कर्ज मोठं मिळावं म्हणून मिळकत भरघोस दाखवली होती, खाली सही केली होती. बँकेपुढे श्रीमंत आणि न्यायालयापुढे गरीब, असा हा एकच माणूस! बाईंनी ती नक्कल खालच्या न्यायालयात दाखल केली होती. तरी निकालपत्रात तिचा उल्लेखच आला नाही आणि पोटगी दरमहा ६ हजार ठरली. त्यांच्या वकिलीणबाईंनी अपिलात नवऱ्याच्या स्वभावाबद्दल एक ओळ लिहिली नाही. मुद्दा एकच, हा कागद दाखल होता आणि तो विचारात घेतला गेला नाही. रकमेचे १४ हजार झाले. बाई पेढे घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘मॅडम, त्याने मला काय काय केलं ते तिथे कुणी विचारलंच नाही हो.’’ त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता आणि थोडी खंतही होती. न्यायालयाच्या हिशेबात दुःखाला रकाना नसतो, हे पचवणं सोपं नाही.

दुसरी गोष्ट एका परिचित गृहस्थांची. मुलाच्या खर्चासाठी दरमहा १८ हजार द्यायचा हुकूम झाला. ते म्हणाले, १५ च्या वर एक रुपया देणार नाही. सोलापूर ते मुंबई खेपा, वकिलांची फी, कागदपत्रं, टायपिंग यात दोन वर्षांत दीड लाख गेले. निकाल लागला, हजार रुपये कमी झाले. मुलगा सज्ञान व्हायला तेव्हा सात वर्षं होती. हजाराप्रमाणे सात वर्षांचे होतात ८४ हजार. म्हणजे ८४ हजार वाचवायला दीड लाख खर्च झाले आणि शिवाय मुलगा बोलायचा बंद झाला, तो खर्च कुठल्याच वहीत लिहिलेला नाही. त्यांना मी हा हिशेब मांडून दाखवला तेव्हा ते म्हणाले, ‘‘प्रश्न पैशाचा नव्हता, तत्त्वाचा होता.’’ तत्त्वासाठी खुशाल लढावं. पण लढाई कशासाठी आहे आणि तिचा खर्च कोण भरतो आहे, हे ठाऊक असावं.

वर गेल्यावर आकडा कुठल्या दिशेला हलेल, याची खात्री कुणी वकील देत नाही आणि देऊही नये. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीला योग्य ठरेल, असं एका प्रकरणात म्हटलं. लोकांनी ते २५ टक्के पाठ केले. पण त्याच निकालात उच्च न्यायालयाने ठरवलेले २३ हजार कमी होऊन २० हजार झाले होते, कारण पतीचा दुसरा संसार होता आणि त्यात एक मूल होतं. याउलट मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका पत्नीच्या अपिलात दरमहा २० हजारांचे थेट ५० हजार केले आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ दिली. ती बाई पुनर्विवाह न करता राहिली होती. लग्नात तिचं राहणीमान कसं होतं आणि महागाई किती वाढली, हे न्यायमूर्तींनी पाहिलं. सूत्र एक नाही, परिस्थिती अनेक.

महागाईचा विषय निघालाच आहे तर वही उघडू या, कारण दरसालच्या वाढीचा प्रश्न निकालात आणि अपिलात सर्वांत कमी बोलला जातो. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. म्हणजे आज ठरलेले २० हजार वाढीशिवाय तसेच राहिले, तर बारा वर्षांनी त्यांत आजच्या १० हजारांचा बाजार येईल. दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ मिळाली तरी ५० हजारांचे बारा वर्षांनी ६७ हजार होतात. लागणार असतात एक लाख. एकरकमी पैसे घेणाऱ्यांनीही हाच विचार करावा. ३० लाख ऐकायला मोठे वाटतात. ७ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला साडेसतरा हजार व्याज येतं, त्या व्याजावर कर लागू शकतो आणि मुद्दलाची किंमत दरवर्षी घटत जाते. उलट ज्याच्याकडून दरमहा वसुलीची खात्री नाही, त्याच्याकडून एकरकमी कमी मिळालेलेही बरे. रक्कम मागताना हा हिशेब मांडायला हवा. अपिलात ‘पोटगी अपुरी आहे’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘वाढीची तरतूद नाही’ हा मुद्दा कितीतरी पक्का आहे.

घराच्या कर्जाबद्दल बँकवाली म्हणून एक सांगणं माझं कर्तव्य समजते. निकालाने घर बायकोला आणि हप्ते नवऱ्याकडे, अशी वाटणी झाली तरी कर्ज दोघांच्या नावावर असेल तर बँकेच्या लेखी दोघंही कर्जदारच राहतात. बँक त्या दाव्यात पक्षकार नसते. नवऱ्याने हप्ते थकवले तर नोटीस बाईंच्याही दारी येते. निकालाची शाई वाळायच्या आत शाखेत जाऊन लेखी मोकळीक किंवा कर्जाची नवी व्यवस्था होते का, हे पाहावं.

अपील आणि रकमेतला बदल या दोन गोष्टींतला फरक समजला तर निम्मे खटले टळतील असं मला वाटतं. अपील म्हणतं, त्या दिवशी दिलेला हुकूम चुकीचा होता. बदलाचा अर्ज म्हणतो, हुकूम तेव्हा बरोबर होता, आता दिवस बदलले. नवऱ्याची नोकरी गेली, त्याला पक्षाघात झाला, बाईला नोकरी लागली, मुलगी अकरावीत गेली, फी चौपट झाली, तर अपिलाची गरजच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्येच परिस्थिती बदलल्यास हुकमात फेरफार मागण्याची सोय दोघांनाही आहे. नव्या संहितेच्या कलम १४६ मध्येही आहे. खरोखर अडचणीत सापडलेल्या नवऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. गुपचूप पैसे बंद करणारा माणूस न्यायालयाच्या नजरेतून उतरतो. वेळेवर अर्ज करणाऱ्याचं ऐकलं जातं. पोटगी टाळायला मुद्दाम राजीनामा दिलेल्याची गोष्ट अर्थात वेगळी. तिथे त्याची कमाई काय आहे यापेक्षा कमावण्याची कुवत काय आहे, हे पाहिलं जातं.

आणि जिथे अपील नाहीच, ती जागा म्हणजे परस्परसंमतीचा घटस्फोट. संमतीच्या हुकूमनाम्यावर कुटुंब न्यायालयाच्या कायद्याप्रमाणे अपील होत नाही. ‘सुटले बाई एकदाची’ म्हणत संमतीच्या अटींवर न वाचता सही करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या कागदावर रक्कम कधी, कशी, किती हप्त्यांत मिळणार आणि हप्ता चुकला तर काय, हे लिहिलेलं आहे ना? मुलांचा पोषणाचा हक्क आईबापांच्या सहीने संपत नाही, एवढा दिलासा आहे. पण स्वतःच्या हक्कावर पाणी सोडताना पेन दोन दिवस बाजूला ठेवायला हरकत नाही.

खर्चाच्या धास्तीने हक्काचं अपील सोडणाऱ्या बायकाही आहेत. त्यांना ठाऊक नसतं की पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केलं. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, त्यांची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचं कार्यालय असतं.

ज्या निकालाने २०२० मध्ये देशभर प्रतिज्ञापत्राचा नमुना लागू केला, ते प्रकरण नागपूरचं होतं. सप्टेंबर २०१३ मध्ये एका आईने अंतरिम पोटगी मागितली. मूल त्याच वर्षी तान्हं होतं. २०१५ मध्ये कुटुंब न्यायालयाने पत्नीला १५ हजार आणि मुलाला आधी ५ व पुढे १० हजार ठरवले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने पतीची याचिका फेटाळली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच हुकूम कायम केला. तान्हं मूल तोवर शाळेत जाऊ लागलं होतं आणि हे सारं फक्त अंतरिम रकमेबद्दल. मूळ अर्जाचा निकाल तेव्हाही व्हायचाच होता. त्या निकालाने हजारो बायकांची वाट सोपी केली, हे खरं. पण न्यायालयाची तारीख पुढे गेली म्हणून मुलांचं वय थांबत नाही आणि जूनमधली शाळा अपिलासाठी खोळंबत नाही.

म्हणून निकाल हाती आला की तो दोनदा वाचावा. एकदा वकिलांबरोबर आणि एकदा घरी, वही-पेन्सिल घेऊन एकट्याने. दाखल केलेला कुठला कागद निकालात आलाच नाही, कुठली बेरीज चुकली, वाढीची तरतूद आहे का, एवढं टिपून काढावं. टिपण कोरं राहिलं आणि मन मात्र धुमसत राहिलं, तर ते धुमसणं खरं असेलही, पण त्यावर उच्च न्यायालयाकडे औषध नाही. टिपणात एक जरी ठोस ओळ उतरली, तर जरूर वर जावं; कुणी काही म्हणो. निकालपत्राखाली तारीख असते आणि मुदत तिथून धावू लागते. राग ओसरायची वाट ती पाहत नाही. तेव्हा पहिल्या आठवड्यात रागाला घरी बसू द्यावं आणि आपण जाऊन नकलेचा अर्ज करून यावा.